थायरॉइड रिसेप्टरचा प्रकार बघून जीन चालू होणार की बंद, हे कसं ओळखायचं

थायरॉइडचा विषय निघाला की सगळे आधी हार्मोनच्या आकड्यावर उडी मारतात, टी४ किती, टी३ किती (हे दोन थायरॉइड हार्मोन), टीएसएच किती (ग्रंथीला हार्मोन बनवायला लावणारा, मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीचा हार्मोन), आणि त्यावरून शरीरात काय चाललंय ते ठरवून मोकळे होतात. बहुतेक वेळा चालून जातं हे. पण एखादी केस वाकडी निघाली की हिशोबच बसत नाही, कारण एकाच माणसाचं हृदय धडधडत असतं जसं काही हार्मोन उतू चाललाय, आणि त्याच वेळी त्याचं लिव्हर असं वागतं की हार्मोन पोचलाच नाही. रक्त तर दोघांना एकच मिळतंय ना? मग फरक येतो रिसेप्टरमधून, म्हणजे पेशीच्या केंद्रकात डीएनएवर बसून हार्मोनचा निरोप घेणारं जे प्रोटीन असतं ते तिथे कुठल्या प्रकारचं आहे त्यावरून.

शिकताना मी हे बराच काळ उलट्या टोकाने धरलं होतं, आधी हार्मोन मग रिसेप्टर. आता क्रम बदललाय. आधी विचारायचं की इथे कुठला रिसेप्टर बसलाय, मग तो रिकामा असताना काय करतो, मग समोरचा जीन कुठल्या जातीचा आहे, आणि हार्मोन सगळ्यात शेवटी. हा क्रम पाळला की निम्मी कोडी आपोआप सुटतात.

आधी नावांचा गुंता सोडवा

माणसात थायरॉइड रिसेप्टरचे जीन दोन. अल्फा, म्हणजे टीएचआरए, १७ व्या क्रोमोसोमवर, आणि बीटा, म्हणजे टीएचआरबी, ३ ऱ्या क्रोमोसोमवर. या दोघांपासून मुख्य चार प्रोटीनं निघतात: अल्फा-१, अल्फा-२, बीटा-१, बीटा-२. यातले तीन टी३ पकडतात. अल्फा-२ पकडत नाही, आणि इथेच नवीन माणूस हमखास गंडतो, कारण नाव रिसेप्टरचं आणि काम वेगळंच. अल्फा-१ मध्ये ४१० अमिनो ॲसिडं, अल्फा-२ मध्ये ४९०, पहिली ३७० दोघांची अगदी सारखी, पण त्यानंतर स्प्लायसिंगमुळे (एकाच जीनचा संदेश वेगवेगळ्या तऱ्हेने जोडला जाणं) शेपूट बदलते आणि टी३ धरून ठेवायची जागा तिथेच बिघडते. बीटा-१ आणि बीटा-२ मध्ये उलट प्रकार आहे, शेपूट सारखी आणि सुरुवातीचा भाग वेगळा.

'व्हेरिएंट' हा शब्द पण दोन अर्थांनी फिरतो. एक म्हणजे हे नैसर्गिक आयसोफॉर्म, एकाच जीनची वेगवेगळी प्रोटीनं, सगळ्यांमध्येच असतात. दुसरा म्हणजे म्युटेशन झालेला रिसेप्टर, काही जणांमध्येच असतो. पेपर वाचताना पहिल्याच पानावर लिहून ठेवा की हा लेखक कशाबद्दल बोलतोय, नाहीतर अर्ध्या रस्त्यात लक्षात येतं की आपण भलतंच समजत होतो. अजून एक बारीक गोष्ट, बीटाच्या जुन्या पेपरांत जागेचे आकडे ५ ने कमी असतात कारण तेव्हा प्रोटीन ४५६ चं धरायचे आणि आता ४६१ चं धरतात, त्यामुळे जुन्यात ४४८ दिसलं आणि नव्यात ४५३ दिसलं तर ती दोन म्युटेशनं नाहीत, एकच आहे. मी एकदा टेबलात ही दोन्ही वेगवेगळी टाकली होती, पुढचं सांगत नाही.

गंमत म्हणजे हा रिसेप्टर सापडलाच मुळी एका बिघडलेल्या व्हेरिएंटमुळे. कोंबड्यांना रक्ताचा कॅन्सर करणाऱ्या एका व्हायरसमध्ये अर्ब-ए नावाचा जीन होता, आणि १९८६ मध्ये दोन वेगवेगळ्या टीमनी दाखवलं की त्याचा पेशीतला मूळ भाऊ म्हणजे थायरॉइड हार्मोनचा रिसेप्टर. व्हायरसने उचललेली कॉपी इतकी बदललीय की तिला टी३ नीट पकडता येत नाही, पण डीएनएवर बसून जीन दाबून ठेवणं तिला बरोबर जमतं. हे लक्षात ठेवा, पुढे हाच प्रकार माणसांच्या म्युटेशनमध्ये परत भेटणार आहे.

मग टिश्यू विचारा

हृदय, हाडं, आतडी, स्नायू आणि मेंदूचा मोठा भाग, इथे अल्फा-१ चा जोर. लिव्हर आणि किडनीत बीटा-१. पिट्यूटरी, हायपोथॅलॅमस, डोळ्याचा रेटिना आणि कानाचा आतला भाग, इथे बीटा-२ महत्त्वाचा. हे कप्पे अगदी हवाबंद नाहीत हां, बऱ्याच पेशींत दोन्ही जीन थोडे थोडे चालू असतात, पण कुणाचा वरचष्मा आहे त्यावर अंदाज बांधता येतो.

याची खात्री नॉकआउट, म्हणजे एखादा जीन काढून टाकलेल्या, उंदरांनी करून दिलीय. बीटा काढून टाकलेले उंदीर बहिरे होतात आणि त्यांचा टीएसएच चढलेला राहतो. अल्फा-१ काढलेल्यांचे हृदयाचे ठोके मंद आणि शरीराचं तापमान जरा कमी. नुसता बीटा-२ काढला तर रेटिनातल्या हिरव्या रंगाकडे झुकणाऱ्या कोन पेशींचं प्रोटीन बनत नाही. म्हणजे तोच टी३, तीच जनुकीय भाषा, पण कुठला रिसेप्टर गेला त्यावर कान जाणार की ठोके मंदावणार ते ठरतं.

टिश्यू विचारताना आणखी एक छोटा प्रश्न जोडून घ्या: टी३ आत पोचतोय का? पेशीत शिरायला एमसीटी८ सारखे ट्रान्सपोर्टर लागतात, टी४ चा टी३ करायला डीआयओ१ आणि डीआयओ२ ही एन्झाइम लागतात, आणि डीआयओ३ तोच हार्मोन निकामी करतो. रिसेप्टर टी४ पेक्षा टी३ ला साधारण १० पट घट्ट धरतो म्हणून हे रूपांतर महत्त्वाचं. पण हा विषय एवढ्यावरच सोडतो, नाहीतर रिसेप्टर बाजूलाच राहील.

रिकामा रिसेप्टर गप्प बसत नाही

माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे. कॉर्टिसोलचा रिसेप्टर हार्मोन नसताना बराचसा केंद्रकाबाहेर थांबून असतो, थायरॉइडचा तसा नाही. हा हार्मोन नसतानाही डीएनएवर जाऊन बसतो, बहुतेक वेळा आरएक्सआर नावाच्या जोडीदाराला घेऊन, आणि रिकाम्या अवस्थेत एनकोर आणि स्मर्ट नावाचे को-रिप्रेसर, म्हणजे जीन दाबायला मदत करणारी प्रोटीनं, धरून ठेवतो. ते एचडीएसी३ या एन्झाइमला बोलावतात, ते हिस्टोनवरचे (डीएनए ज्यावर गुंडाळलेला असतो त्या प्रोटीनवरचे) ॲसिटाइल काढतं, क्रोमॅटिन (डीएनए आणि हिस्टोनची गुंडाळी) आवळलं जातं आणि जीन दबतो. टी३ आला की तो रिसेप्टरच्या पोटात अक्षरशः गाडला जातो, शेपटाकडचं हेलिक्स १२ झाकणासारखं बसतं, को-रिप्रेसरची पकड सुटते आणि एसआरसी कुटुंबातले को-ॲक्टिव्हेटर आणि सीबीपी, पी३०० वगैरे मंडळी येऊन जीन चालू करतात.

म्हणजे अवस्था दोन नाहीत, तीन आहेत. रिसेप्टर भरलेला, रिसेप्टर रिकामा, आणि रिसेप्टरच नाही. हार्मोन नसणं आणि रिसेप्टर नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यातली पहिली जास्त वाईट असू शकते. पॅक्स८ हा जीन नसलेल्या उंदरांत थायरॉइड ग्रंथी नीट बनतच नाही, ते दूध सुटायच्या सुमारास मरतात. पण त्याच उंदरांमधून रिसेप्टर अल्फाचा जीनही काढून टाकला तर ते जगतात! हार्मोन तर तरीही नाहीये. भीक नको पण कुत्रं आवर म्हणतात तसलीच गत आहे ही, हार्मोनचा फायदा राहू दे, निदान तो रिकामा बसून जीन दाबणारा रिसेप्टर तरी बाजूला कर. कागदावर काम करताना मी प्रत्येक जीनसाठी तीन रकाने आखतो, भरलेला, रिकामा, नाहीच, आणि तिन्ही भरल्याशिवाय पुढे जात नाही.

जीन कुठल्या जातीचा आहे

टी३ ने वाढणारे जीन सोपे असतात. त्यांच्या जवळपास थायरॉइड रिस्पॉन्स एलिमेंट, म्हणजे रिसेप्टर बसायची डीएनएवरची जागा, सापडतो, एजीजीटीसीए हा ६ अक्षरांचा तुकडा दोनदा, आणि मध्ये ४ अक्षरांची जागा असेल तर ती क्लासिक मांडणी. उलटसुलट किंवा समोरासमोर अशाही मांडण्या आहेत. लिव्हरमधला डीआयओ१, हृदयातला कॅल्शियम पंप सर्का२, उंदराच्या हृदयातला मायोसिन अल्फा, हे सगळे वाढणाऱ्यांतले.

टी३ ने कमी होणारे जीन मात्र डोकं खातात. पिट्यूटरीतले टीएसएचच्या दोन्ही साखळ्यांचे जीन आणि हायपोथॅलॅमसमधला टीआरएच (टीएसएच सोडायला लावणारा), हे तीन तर तोंडपाठच पाहिजेत कारण फीडबॅक, म्हणजे हार्मोन वाढला की टीएसएच उतरणं, यांच्यावरच उभा आहे. इथे बरेच जण वरचा नियम सरळ उलटा करून लावतात, म्हणजे रिकामा रिसेप्टर चालू करतो, भरलेला बंद करतो, झालं. तसं करू नका. बीटा अजिबात नसलेल्या उंदरातही टीएसएच चढलेला असतो, म्हणजे जीन वर राहायला तिथे कुणी रिकामा बीटा बसलेला असायलाच हवा असं नाही, भरलेला बीटा नसला की पुरे, तो बंद करणाराच कुणी उरत नाही. म्हणून या जीनसाठी एकच प्रश्न पुरतो: टी३ ने भरलेला, धडधाकट बीटा तिथे आहे का? नसेल तर टीएसएच वरच राहणार, मग रक्तात टी३ कितीही असो.

म्युटेशन असेल तर नेमकं काय तुटलंय

म्युटेशनचं नाव वाचून थांबायचं नाही, ते प्रोटीनच्या कुठल्या भागात पडलंय ते बघायचं. बीटामध्ये रोग करणारी म्युटेशनं जवळजवळ सगळी हार्मोन धरणाऱ्या भागात आणि त्याला लागून असलेल्या बिजागरीत, तीन गठ्ठ्यांत सापडतात, साधारण २३४ ते २८२, ३१० ते ३५३ आणि ४२९ ते ४६०. डीएनए धरणारा भाग मात्र शाबूत असतो, आणि हे उगाच नाही. डीएनएच धरता आला नसता तर तो बिघडलेला रिसेप्टर बाजूला पडला असता आणि दुसऱ्या चांगल्या कॉपीने काम भागवलं असतं. त्रास तोच देतो जो खुर्ची अडवून बसतो, स्वतः काम करत नाही आणि दुसऱ्याला करू देत नाही. याला डॉमिनंट निगेटिव्ह म्हणतात.

याचा पुरावा विषयाच्या अगदी सुरुवातीलाच आहे. १९६७ मध्ये रेफेटॉफ आणि सहकाऱ्यांनी हार्मोनला दाद न देणारं पहिलं कुटुंब नोंदवलं, मुलं बहिरी, गॉयटर (फुगलेली थायरॉइड ग्रंथी), रक्तात हार्मोन भरपूर पण हाडांची वाढ मागे. नंतर कळलं की त्या मुलांमध्ये बीटाच्या दोन्ही कॉपी गायब होत्या. आईवडिलांची एकेक कॉपी गायब, पण ते ठीक होते. आणि १९८९ पासून जी कुटुंबं सापडत गेली त्यांत बहुतेकांची फक्त एक कॉपी बिघडलेली आणि तेवढ्यानेच आजार. एक कॉपी नसलेली चालते, एक कॉपी बिघडलेली चालत नाही.

तर तीन गोष्टी तपासा: टी३ धरतो का, टी३ आल्यावर को-रिप्रेसर सोडतो का, डीएनए आणि आरएक्सआर धरतो का. पहिल्या दोनपैकी एकात 'नाही' आणि तिसऱ्यात 'हो' आलं की समजा डोकेदुखी आहे.

अल्फा-२ ला हे लावून बघा, मजा येते. तो टी३ धरत नाही, मग तो पण भयंकर डॉमिनंट निगेटिव्ह असायला हवा ना? पण तो अगदीच मवाळ आहे, कारण त्याला को-रिप्रेसरही नीट धरता येत नाहीत आणि डीएनएवरची पकडही ढिली. याच्या शेजारी २०१२ मध्ये सापडलेलं अल्फा-१ चं पहिलं म्युटेशन ठेवा, ४०३ व्या जागी ग्लुटामेटच्या ऐवजी सरळ 'थांबा' अशी खूण, म्हणजे प्रोटीन तिथेच संपतं. ४१० पैकी शेवटची फक्त ८ अमिनो ॲसिडं गेली, पण ती नेमकी हेलिक्स १२ ची, म्हणजे झाकणच गेलं. को-रिप्रेसर धरले जातात ते सुटतच नाहीत. तो कडक निघाला. शेपूट दोघांची बिघडलेली, पण एकाने को-रिप्रेसरवरची पकड गमावली आणि दुसऱ्याची सुटेनाशी झाली.

आता दोन केस सोडवून बघू

पहिली केस. फ्री टी४ वाढलेला, फ्री टी३ वाढलेला, पण टीएसएच दबलेला नाही. ठोके जलद. (आधी टेस्ट परत करा, अँटीबॉडीने आकडा चुकवला असेल, अल्ब्युमिनचा वेगळा प्रकार असेल किंवा पिट्यूटरीत टीएसएच बनवणारी गाठ असेल, हे सगळं तपासल्याशिवाय जीनकडे जायचं नाही.) समजा बीटाचं म्युटेशन निघालं. पिट्यूटरीत बीटा-२ बिघडलेला म्हणून टीएसएचचा जीन दबत नाही, ग्रंथीला धक्का मिळत राहतो, हार्मोन वाढतो. तो वाढलेला हार्मोन हृदयात जातो, तिथे अल्फा-१ धडधाकट, पेसमेकर पेशींचे एचसीएन जीन वाढतात, ठोके वाढतात. लिव्हरमध्ये बीटा-१ बिघडलेला, त्यामुळे एवढ्या हार्मोनला साजेसं कोलेस्टेरॉल उतरत नाही आणि एसएचबीजीही (सेक्स हार्मोन वाहणारं, लिव्हरमध्ये बनणारं प्रोटीन) अपेक्षेइतकं चढत नाही, आणि हे एसएचबीजी गाठीच्या केसपासून वेगळं करायला कामाला येतं. एकाच माणसात हायपर आणि हायपो शेजारी शेजारी. हे न ओळखता ग्रेव्हज (ज्यात ग्रंथी जास्त हार्मोन बनवते तो आजार) समजून ग्रंथीच काढून टाकल्याच्या केसेस झाल्या आहेत, आणि मग बिचाऱ्या शरीराने कसाबसा जमवलेला तोलही जातो.

दुसरी केस जास्त लबाड आहे. वाढ खुंटलेलं मूल, बद्धकोष्ठ, ठोके मंद, हाडं मागे, थोडा ॲनिमिया, दिसायला सगळं हायपोथायरॉइड, पण टीएसएच नॉर्मल. तोच क्रम लावा: पिट्यूटरी बीटावर चालते, बीटा ठीक आहे, मग टीएसएच नॉर्मलच येणार, त्याला बिघाड दिसणारच नाही. हाडं, आतडी, हृदय अल्फा-१ वर चालतात आणि तिथे म्युटेशन. रक्तात खूण बारीक असते, टी४ खालच्या बाजूला, टी३ वरच्या बाजूला, रिव्हर्स टी३ (टी३ चं निकामी रूप) कमी. टीएसएचला प्रमाण मानून बसलेल्या विषयाला हा आजार २०१२ पर्यंत सापडला नाही यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

लॅबमध्ये तपासायचं असेल तर

अंदाज खरा आहे का ते बघायला रिपोर्टर टेस्ट सगळ्यात सोयीची. रिस्पॉन्स एलिमेंटच्या पुढे ल्युसिफरेज (जीन चालू झाला की चमक देणारं एन्झाइम) लावलेला प्लाझ्मिड, म्हणजे पेशीत घालायचा डीएनएचा गोल तुकडा, सोबत रिसेप्टरचा प्लाझ्मिड, आणि अशी सेल लाइन जिच्यात स्वतःचे रिसेप्टर फारसे नाहीत. सगळ्यात मोठी चूक सीरममध्ये होते. साध्या सीरममध्ये थायरॉइड हार्मोन असतोच, त्यामुळे चारकोल किंवा रेझिनने हार्मोन काढलेला सीरमच वापरायचा. मी पहिल्या वेळी हे केलं नव्हतं, माझ्या 'हार्मोन नसलेल्या' प्लेटमध्ये जीन मस्त चालू होता आणि मी दोन आठवडे रिसेप्टरला दोष देत बसलो होतो.

मग डोस चढवत जा, शून्यापासून सुरू करून १, १०, १०० नॅनोमोलर आणि त्याच्याही वर. सौम्य म्युटेशन जास्त डोसला शेवटी जागं होतं, म्हणजे रेघ उजवीकडे सरकलेली दिसते, आणि ४०३ सारखं कडक म्युटेशन काही केल्या उठत नाही. शून्य डोसचा खांब नीट बघा, रिसेप्टर न घातलेल्या प्लेटपेक्षा तो खाली आहे का? तीच ती रिकाम्या रिसेप्टरची दाब, वर सांगितलेला दुसरा रकाना. शेवटी चांगला आणि बिघडलेला रिसेप्टर सारख्या प्रमाणात एकत्र घालून बघा, कारण पेशंटमध्ये तसंच असतं. नुसता म्युटेशनवाला तपासून डॉमिनंट निगेटिव्ह म्हणणं म्हणजे एका खेळाडूवरून मॅचचा निकाल सांगणं. रिस्पॉन्स एलिमेंट नसलेला प्लाझ्मिडही सोबत चालवा, आणि एकाच मांडणीवर भागवू नका, आयसोफॉर्म कधी कधी एका मांडणीवर सारखे वागतात आणि दुसऱ्यावर फरक दाखवतात. टिश्यूमध्ये कुठला आयसोफॉर्म किती हे बघायला अँटीबॉडीवर डोळे झाकून विसंबू नका, नॉकआउटचा नमुना शेजारी ठेवूनच चालवा.

उलट दिशेने वापर

हीच रीत औषध बनवणाऱ्यांनी उलटी लावली. लिव्हर बीटावर चालतं आणि हृदय अल्फावर, मग फक्त बीटाला जागं करणारं काही मिळालं तर लिव्हरमधली चरबी आणि कोलेस्टेरॉल उतरेल आणि हृदय शांत राहील. अडचण अशी की दोन्ही रिसेप्टरच्या हार्मोन धरणाऱ्या खिशात फरक जेमतेम एका अमिनो ॲसिडचा, अल्फात २७७ ला सेरीन, तिथेच बीटात ३३१ ला ॲस्परॅजिन. तेवढ्या फटीत बसणारे रेणू घडवत घडवत मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरोम ला अमेरिकेत मंजुरी मिळाली, फॅटी लिव्हरच्या सूज आणि फायब्रोसिसपर्यंत गेलेल्या पेशंटसाठी, सिऱ्होसिस व्हायच्या आधीच्या टप्प्यात. त्याला लिव्हरच्या पेशींमधले ट्रान्सपोर्टर आत ओढून घेतात हा वरचा फायदा. आता क्रम लावून स्वतःच विचारा, बीटा तर पिट्यूटरीतही आहे, मग तिथे काय? ट्रायलमध्ये फ्री टी४ थोडा खाली आला, टीएसएच आणि टी३ जवळपास जागच्या जागी राहिले. यात लिव्हरमधला डीआयओ१, जो बीटाच्या हुकुमावर वाढतो, त्याचा किती हात असेल ते तीन रकाने आखून मांडून बघा.